पेटी गेली, खेळ उरला

गेल्या ईदला बहिणीच्या घरी शीरखुर्मा पिऊन आम्ही बसलो होतो. भाचा कोपऱ्यात मोबाइल चाळत होता. एकदम त्याने विचारले, "मामू, एक्सबॉक्स बंद पडणार का?" दोन वर्षांची ईदी आणि आईकडून घेतलेले उसने पैसे जमवून त्याने तो सेकंडहँड घेतला होता. मायक्रोसॉफ्ट आता हा धंदा गुंडाळणार, असे कुणीतरी इंटरनेटवर लिहिले होते. ते वाचून पोराच्या तोंडचे पाणी पळाले होते.

मला गेममधले फार कळत नाही. आमची धाव इतिहासाच्या पुस्तकांपर्यंत. पण प्रश्न ओळखीचा वाटला. पंचवीस वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न जगभरची पोरे सेगा नावाच्या कंपनीबद्दल विचारत होती. त्यातला एक प्रश्न विचारणारा मीही होतो.

नव्वदच्या दशकात मराठवाड्यातल्या आमच्या गावी, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, माझ्या खालूंचे व्हिडिओ गेमचे दुकान होते. चार टीव्ही, चार खेळाच्या पेट्या आणि एक रुपयात दहा मिनिटे. त्या पेट्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्राच्या स्वस्त नकला होत्या, हे मला फार नंतर कळले. आम्ही त्यांना नुसते 'टीव्ही गेम' म्हणायचो. खेळ घातलेल्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याला 'कॅसेट' म्हणायचो आणि कॅसेट चालली नाही की फुंकर मारून पुन्हा खोचायचो. रिमोटचे बटण बसले की खालू तिथेच काउंटरवर सोल्डरिंगची कांडी तापवून ते नीट करून देत.

पाचव्या टीव्हीवर मात्र कपडा टाकलेला असे. त्याला सेगाचा काळा मेगा ड्राइव्ह जोडलेला होता. खालूंच्या भावाने तो दुबईहून आणला होता. तिथे खेळायचे तर दोन रुपये पडत. निळा सोनिक पडद्यावर पळायला लागला की बाकीच्या चार टीव्हींवरची पोरे आपला खेळ सोडून मागे येऊन उभी राहत.

सेगा भारतात अधिकृतपणेही आली होती. १९९५ साली तिने शॉ वॉलेस या, मुख्यतः मद्याच्या धंद्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीशी करार केला. बाहेरून आणलेल्या यंत्रावर ८० टक्के आयात शुल्क होते, त्यातून वाट काढण्यासाठी हा करार होता. तरीही मेगा ड्राइव्हची किंमत अठरा हजार रुपयांच्या घरात होती. आमच्या गावात तो विकत घेणारा कुणी नव्हता. रुपया-दोन रुपये देऊन त्याला हात लावणारे मात्र शेकडो होते.

अशी ही कंपनी जगाच्या बाजारातून कशी उठली, आणि उठल्यानंतरही मेली का नाही, हे आज सांगायचे आहे.

छावणीतून आलेली कंपनी

सेगा जपानी म्हणून ओळखली जाते, पण तिचे मूळ अमेरिकन आहे. १९४० साली हवाई बेटांवरच्या होनोलुलूत काही व्यावसायिकांनी नाणे टाकून चालणारी यंत्रे लष्करी तळांना पुरवायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेत जुगाराच्या यंत्रांच्या वाहतुकीवर कायद्याने बंधने आली, तेव्हा हा धंदा जपानमधल्या अमेरिकन तळांकडे वळला. 'सर्व्हिस गेम्स' या नावातली पहिली अक्षरे घेऊन 'सेगा' हा शब्द तयार झाला. १९६५ साली डेव्हिड रोझेन या माजी अमेरिकन हवाईदल सैनिकाची टोकियोतली कंपनी तीत विलीन झाली आणि सेगा एन्टरप्रायझेस उभी राहिली. १९६६च्या 'पेरिस्कोप' या पाणबुडीच्या यंत्राने तिला जगभर नाव मिळवून दिले.

म्हणजे सेगाचा पाया आर्केडचा, आपल्या भाषेत जत्रेतल्या खेळाचा होता. घरात ठेवायचे यंत्र तिने काढले ते १५ जुलै १९८३ रोजी. नशीब असे की त्याच दिवशी निन्टेंडोचा फॅमिकॉमही बाजारात आला. फॅमिकॉमने सहा कोटींचा टप्पा ओलांडला. सेगाचे ते पहिले यंत्र आज संग्राहकांखेरीज फारसे कुणाला आठवत नाही.

या धंद्याचे गणित इथे समजून घेतले पाहिजे. कन्सोल म्हणजे खेळाची पेटी. ती बहुतेक वेळा थोड्या नफ्यावर किंवा चक्क तोट्यात विकली जाते. कमाई होते ती खेळांवर. कंपनी स्वतःचे खेळ विकते आणि दुसऱ्यांनी त्या पेटीसाठी केलेल्या प्रत्येक खेळावर आपला वाटा घेते. त्यामुळे इथे तीन माणसांचा विश्वास लागतो. खेळ बनवणाऱ्याला वाटले पाहिजे की ही पेटी भरपूर घरांत जाईल. दुकानदाराला वाटले पाहिजे की माल पडून राहणार नाही. आणि गिऱ्हाइकाला वाटले पाहिजे की आज घेतलेली पेटी दोन वर्षांत अडगळीत जाणार नाही. यातला एक डळमळला की बाकीचे दोघेही हात आखडता घेतात. पोरगा पेटी घेत नाही म्हणून खेळ येत नाहीत, आणि खेळ नाहीत म्हणून पोरगा पेटी घेत नाही.

पहिले पुनरागमन

सेगाला एकदा खरोखर पुनरागमन जमले होते, हे लोक विसरतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतला जवळजवळ सगळा बाजार निन्टेंडोच्या हातात होता. खेळ बनवणाऱ्या कंपन्या तिच्या कडक करारांत अडकल्या होत्या. सेगाने १९८८ साली जपानमध्ये मेगा ड्राइव्ह आणला आणि ऑगस्ट १९८९मध्ये तोच 'जेनेसिस' या नावाने अमेरिकेत उतरवला. यंत्र निन्टेंडोपेक्षा ताकदवान होते, पण नुसत्या ताकदीने काही झाले नाही.

१९९० साली सेगाचे जपानी अध्यक्ष हायाओ नाकायामा यांनी अमेरिकेतल्या शाखेसाठी टॉम कॅलिन्स्की यांना आणले. कॅलिन्स्की खेळण्यांच्या धंद्यातले. मॅटेल कंपनीत त्यांनी बार्बी बाहुली विकलेली. त्यांनी टोकियोत जाऊन संचालकांना सांगितले की पेटीची किंमत कमी करा, सोबतचा जुना खेळ काढून नवा सोनिक फुकट द्या, अमेरिकन पोरांसाठीचे खेळ अमेरिकेतच बनवा आणि जाहिरातीत निन्टेंडोचे नाव घेऊन तिला चिडवा. संचालकांना हे पटले नाही. ज्या खेळावर पैसे मिळवायचे, तोच फुकट द्यायचा म्हणजे काय? तरीही नाकायामांनी कॅलिन्स्कींना मोकळीक दिली.

जून १९९१मध्ये सोनिक आला आणि चित्र पालटले. १६ बिटच्या यंत्रांत सेगाने काही काळ अमेरिकेतला निम्म्याहून अधिक बाजार घेतला. जगभरात मेगा ड्राइव्ह सुमारे तीन कोटी विकला गेला. आमच्या खालूंच्या दुकानातला तो पाचवा टीव्ही याच लाटेचा एक थेंब होता.

या यशामागचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. गिऱ्हाईक ज्या देशात, त्या देशातल्या माणसाला निर्णय घेऊ दिला. ब्राझीलमध्येही हेच घडले. तिथल्या टेकटॉय या कंपनीकडे सेगाने कारभार सोपवला. तिने खेळ पोर्तुगीजमध्ये आणले, स्थानिक पात्रे घातली, यंत्रे तिथेच जोडली. बाकी जगाने सेगाची जुनी यंत्रे टाकून दिल्यानंतरही ब्राझीलमध्ये ती वर्षानुवर्षे नव्याने विकली गेली.

चार वर्षांत विश्वास संपला

मग जिंकत असलेली कंपनी हरली कशी? घाईमुळे आणि घरच्या भांडणामुळे.

मेगा ड्राइव्हला जोडायचे सीडीचे यंत्र १९९१ साली जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत आले. ते महाग होते, चांगले खेळ थोडे होते. नोव्हेंबर १९९४मध्ये अमेरिकेत '३२एक्स' नावाचे दुसरे जोडयंत्र आले. त्याच महिन्यात जपानमध्ये सेगाचा पूर्ण नवा कन्सोल, सॅटर्न, विक्रीला आला. ज्या पोराने बापाच्या मागे लागून ३२एक्स घेतला, त्याला थोड्याच महिन्यांत कळले की आपण घेतलेली वस्तू जन्मतःच जुनी होती. टोकियोतले लोक सॅटर्न बनवत होते, कॅलिफोर्नियातले लोक जेनेसिसचे आयुष्य वाढवू पाहत होते आणि दोघांचा भुर्दंड गिऱ्हाईक भरत होते.

त्यातच सोनी मैदानात आली. तिला आणणारी निन्टेंडोच होती. दोघी मिळून सीडीचे यंत्र बनवत होत्या, पण १९९१ साली निन्टेंडोने ऐनवेळी सोनीला बाजूला सारून फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. दुखावलेल्या सोनीने स्वतःचे प्लेस्टेशन काढले.

मे १९९५मध्ये लॉस एंजेलिसला ई-थ्री हे प्रदर्शन पहिल्यांदाच भरले. सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबरला येणार, असे सेगाने आधी सांगून ठेवले होते. कॅलिन्स्की व्यासपीठावर आले आणि म्हणाले की सॅटर्न आजपासूनच दुकानांत आहे, किंमत ३९९ डॉलर. हा हुकूम टोकियोचा होता. थोड्या वेळाने सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, "दोनशे नव्याण्णव" एवढेच बोलले आणि खाली उतरले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

किमतीपेक्षाही मोठी जखम वेगळीच होती. घाईत आणलेला थोडका माल सेगाने चार निवडक साखळी दुकानांनाच दिला होता. बाकीच्यांना पत्ताही नव्हता. केबी टॉइज या मोठ्या खेळणी विक्रेत्याने चिडून सेगाचा माल ठेवणेच बंद केले. सप्टेंबर डोळ्यांसमोर ठेवून काम करणाऱ्या खेळ बनवणाऱ्या कंपन्यांचे खेळही तयार नव्हते. एका सकाळीत सेगाने दुकानदारही दुखावला आणि कारागीरही. त्यात सॅटर्नच्या पोटात दोन मुख्य प्रोसेसर होते आणि दोघांकडून नीट काम करून घेणे भल्याभल्या प्रोग्रामरना जड जाई. प्लेस्टेशनवर काम सोपे होते. जपानमध्ये सॅटर्न बरा चालला, पण जगभरात मिळून ९२ लाखांच्या आसपास थांबला. प्लेस्टेशन दहा कोटींच्या पुढे गेले.

१९९६ साली कॅलिन्स्की बाहेर पडले. १९९७च्या जानेवारीत सेगा आणि बांदाई या खेळणी कंपनीचे विलीनीकरण जाहीर झाले आणि मे महिन्यात ते मोडले. त्याच वर्षी सेगाच्या अमेरिकन शाखेचे नवे प्रमुख बर्नी स्टोलर यांनी सॅटर्न हे कंपनीचे भविष्य नाही, असे जाहीरपणे सांगून टाकले. बोलणे खरे होते. पण दुकानात पडून असलेल्या मालाबद्दल मालकानेच असे म्हटल्यावर तो कोण घेणार? पुढे सेगाकडे अमेरिकेत विकायला जवळजवळ काहीच नव्हते.

चांगले यंत्र, उशिराचा गाडा

२७ नोव्हेंबर १९९८ रोजी जपानमध्ये ड्रीमकास्ट आला. तोवर नाकायामांच्या जागी शोइचिरो इरिमाजिरी आले होते. ते मूळचे होंडाचे इंजिनिअर. या वेळी सेगाने चुका सुधारल्या होत्या. यंत्र साधे, खेळ बनवायला सोपे. इंटरनेटसाठी मोडेम यंत्रातच बसवलेला. घराघरांत नेट पोहोचण्याआधी ही कल्पना धाडसाची होती. डिसेंबर २०००मध्ये आलेल्या 'फँटसी स्टार ऑनलाइन'मध्ये तर वेगवेगळ्या देशांतले लोक आपापल्या घरी बसून एकत्र खेळू लागले.

जपानमध्ये सुरुवात अडखळत झाली, कारण चित्र काढणाऱ्या चिपचे उत्पादनच कमी पडले. अमेरिकेत मात्र ९ सप्टेंबर १९९९ला, नऊ-नऊ-नव्याण्णव या तारखेला, १९९ डॉलर किमतीत ड्रीमकास्ट उतरला आणि पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाखांहून अधिक यंत्रे गेली. एका दिवसाची उलाढाल ९ कोटी ८४ लाख डॉलर होती. वर्तमानपत्रांनी सेगा परत आली, असे लिहिले.

मग तरीही काय चुकले? यंत्र चांगले होते, पण जुनी उधारी अंगावर होती. मी पैशाच्या उधारीबद्दल बोलत नाही. फुटबॉल, बास्केटबॉलचे खेळ बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ केला नाही. सेगाने खेळांचे खेळ स्वतःच बनवले आणि ते उत्तम होते, पण गिऱ्हाइकाला ओळखीचे नाव हवे असते. दोन-तीनदा हात पोळलेली पोरे म्हणाली, थांबू या, सोनीचे नवे येतेच आहे. मार्च २०००मध्ये प्लेस्टेशन २ जपानमध्ये आले. ते डीव्हीडीही चालवत होते. एका पैशात दोन कामे होत असतील तर बापही तेच घेणार. त्यात ड्रीमकास्टच्या सुरक्षेतली फट चोरांना सापडली आणि साध्या सीडीवर उतरवलेले खेळ यंत्रात काही फेरफार न करता चालू लागले.

किंमत १४९ डॉलरवर आणली. म्हणजे प्रत्येक यंत्रामागे तोटा आणखी वाढला. एकूण विक्री ९१ लाखांच्या आसपास थांबली. सेगा वर्षामागून वर्ष तोट्यात होती आणि मार्च २००१ला संपलेल्या वर्षाचा तोटा ५१.७ अब्ज येन होता.

एका म्हाताऱ्याची देणगी

या टप्प्यावर इसाओ ओकावा यांची गोष्ट येते. ओकावांचा जन्म १९२६चा. १९६८ साली त्यांनी सीएसके ही संगणकसेवा देणारी कंपनी काढली. १९८४ साली रोझेन आणि नाकायामा यांच्यासोबत सेगा विकत घेणाऱ्यांत तेच मुख्य होते. कंपनी बुडत असताना त्यांनी स्वतःच्या खिशातून तिला कर्जे दिली आणि २००० साली वयाच्या चौऱ्याहत्तरीत अध्यक्षपद अंगावर घेतले. प्रकृती ढासळलेली होती.

३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने जाहीर केले की मार्चनंतर ड्रीमकास्टचे उत्पादन बंद. यापुढे सेगा यंत्रे बनवणार नाही, दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी खेळ बनवेल. त्याच सुमारास ओकावांनी सेगाकडून येणे असलेली आपली कर्जे सोडून दिली आणि सेगा व सीएसकेचे आपल्या मालकीचे शेअर कंपनीला देऊन टाकले. सगळी रक्कम ८५ अब्ज येनच्या घरात होती. डॉलरमध्ये जवळपास सत्तर कोटी. १६ मार्च २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

धंद्याच्या इतिहासात असे प्रसंग फार सापडत नाहीत. पण मला त्यातली वेळ महत्त्वाची वाटते. ओकावांचा पैसा आधी पेटी जगवण्यात गेला आणि तो बुडाला. शेवटचा पैसा पेटी सोडताना आला आणि त्याने कंपनी वाचवली. यंत्राच्या हट्टात तोही घातला असता, तर प्लेस्टेशन २ने तोही गिळला असता.

आमच्या खालूंचे असेच झाले. त्याच वर्षांत गावातली पोरे टीव्ही गेमला कंटाळली होती. खालूंनी खालाच्या बांगड्या सराफाकडे ठेवून दोन नवे प्लेस्टेशन आणले. वर्षभरात बसस्टँडसमोर सायबर कॅफे निघाले आणि पोरे तिकडे गेली. खालू तरी रोज शटर उघडायचे. पाचव्या टीव्हीवरचा कपडा रोज झटकायचे. "धंदा पुन्हा उभा राहील," असे म्हणायचे. मी तेव्हा कॉलेजात होतो. एकदा त्यांना विचारले, "खालू, सेगाचं नवीन मशीन येणार का आता?" ते काही बोलले नाहीत. दोन वर्षे असेच चालले. शेवटी सराफाने व्याज सोडले, नुसते मुद्दल घेतले आणि बांगड्या परत दिल्या. त्यानंतर खालूंनी त्याच जागी, त्याच काउंटरवर, त्याच सोल्डरिंगच्या कांडीने मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकले. ते चालले. मुलींची लग्ने त्यावर झाली.

रिमोट दुरुस्त करणारा हात हीच खालूंची खरी पुंजी होती. चार टीव्ही नव्हते. हे त्यांनाही उशिराच कळले.

दुसऱ्याच्या अंगणात

डिसेंबर २००१मध्ये सोनिक निन्टेंडोच्या यंत्रांवर आला. जाहिरातीत ज्या कंपनीची टर उडवत सोनिक मोठा झाला, तिच्याच दारात तो पाहुणा म्हणून उभा होता. जुन्या चाहत्यांना ते लाजिरवाणे वाटले. सहा वर्षांनी, २००७ साली, मारिओ आणि सोनिक ऑलिम्पिकच्या एका खेळात एकत्र धावले आणि तो खेळ भरपूर खपला.

२००४ साली सेगा आणि पाचिंको यंत्रे बनवणारी सॅमी या कंपन्या एकत्र आल्या. पुढे सेगाने खेळ बनवणाऱ्या कंपन्या घेतल्या. फुटबॉलच्या संघाची मॅनेजरकी करायला लावणारा 'फुटबॉल मॅनेजर' तिचा झाला. 'याकुझा' ही मालिका तिनेच उभी केली. २०२३ साली 'अँग्री बर्ड्स'वाली फिनलंडची रोव्हिओ तिने घेतली. सोनिकचे सिनेमे आज पोरे थिएटरात पाहतात. सेगा जिवंत आहे. नवे घरगुती कन्सोल आणून सोनी-निन्टेंडोशी टक्कर देण्याचा नाद मात्र तिने पुन्हा केला नाही.

कुणी म्हणेल, मग निन्टेंडोला पेटीसकट परतणे कसे जमले? प्रश्न रास्त आहे. निन्टेंडोचा गेमक्यूब दोन कोटी सतरा लाखांवर अडला होता, पुढचा वी दहा कोटींच्या पार गेला. मग २०१२चा वी यू पुन्हा आपटला, अवघा १ कोटी ३५ लाख. सल्ला देणारे म्हणू लागले, यंत्रे सोडा, सेगासारखे खेळ विका. निन्टेंडोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०१४ साली स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्मा केला. माणसे काढायला मात्र त्यांनी नकार दिला. उद्या आपली नोकरी जाईल या भीतीने काम करणारा माणूस लोकांच्या मनाला भिडेल असा खेळ बनवू शकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जुलै २०१५मध्ये ते वारले. त्यांच्याच काळात सुरू झालेला स्विच मार्च २०१७मध्ये आला आणि पंधरा कोटींच्या पुढे गेला.

फरक कुठे पडला? निन्टेंडोकडे चांगल्या वर्षांतली शिल्लक होती. म्हणून पडल्यावर विचार करायला वेळ मिळाला. आणि मारिओ, झेल्डा, पोकेमॉन हवे असतील तर निन्टेंडोची पेटी घेण्यावाचून इलाज नव्हता. दुसरे खेळ बनवणारे पाठ फिरवून गेले तरी ती आपल्याच अन्नावर जगू शकत होती. सेगाकडे कल्पना होत्या, कारागीर होते. शिल्लक आणि वेळ नव्हता. दोन वर्षांत नवे यंत्र बनते, पण चार वर्षांत उधळलेला विश्वास दोन वर्षांत परत येत नाही. आणि तो परत येईपर्यंत तोटा सोसायला गाठीला पैसा लागतो.

भाच्याला काय सांगितले

आता एक्सबॉक्स. सेगाने मैदान सोडले त्याच २००१ सालच्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने पहिला एक्सबॉक्स आणला. ड्रीमकास्ट बंद होताना सेगाच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख असलेले पीटर मूर पुढे मायक्रोसॉफ्टच्याच एक्सबॉक्स विभागात गेले. २०१३ साली एक्सबॉक्स वन जाहीर झाला, तेव्हा जुने खेळ विकण्या-उसने देण्यावर बंधने घालण्याचा बेत होता. लोक खवळले, बेत मागे घ्यावा लागला. किंमत ४९९ डॉलर होती. सोनीने आपली ३९९ सांगितली. पुन्हा तीच शंभर डॉलरची दरी, तेच प्रदर्शन, तीच सोनी. त्या जखमेतून एक्सबॉक्स पुरता सावरला नाही. २०१५नंतर मायक्रोसॉफ्टने किती यंत्रे विकली हे सांगणेच बंद केले.

पण मायक्रोसॉफ्ट म्हणजे सेगा नव्हे. तिच्याकडे पैशाला तोटा नाही. २०२३ साली तिने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी जवळपास ६९ अब्ज डॉलरला घेतली. २०२४पासून ती आपले काही खेळ प्लेस्टेशनवरही देऊ लागली आणि एक्सबॉक्सची ओळख असलेला 'हेलो'सुद्धा तिकडे जाणार, हे २०२५ साली जाहीर झाले. सेगाने जे गळ्याशी आल्यावर केले, ते मायक्रोसॉफ्ट पोट भरलेले असताना करते आहे. तिच्याकडे शिल्लक आहे, वेळही आहे. पण आपला खास खेळ शेजारच्या दुकानात मिळू लागल्यावर आपल्या दुकानात कशाला यायचे, याचे उत्तर तिला गिऱ्हाइकाला द्यावे लागेल. ते दिले तर पेटी टिकेल. नाही दिले तर खेळ टिकतील, पेटी जाईल.

भाच्याला मी एवढे सगळे सांगितले नाही. म्हणालो, "तुझे खेळ कुठे जात नाहीत. पेटीचं माहीत नाही."

तो म्हणाला, "पण मी पैसे तर पेटीला दिलेत ना, मामू."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. १९९५ साली ३२एक्स घेतलेल्या पोरानेही बापाला हेच म्हटले असेल. कंपन्यांच्या पुनरागमनाचा हिशेब करताना त्या पोराचे नाव कुठल्याच वहीत लिहिले जात नाही. सेगाला मात्र त्यानेच हरवले होते. पुढच्या वेळी तो नुसता थांबला, ड्रीमकास्ट घ्यायला आलाच नाही.